बत्तीस

समर्थ मंदिराच्या चौकातून निघालो पावणेपाचला,
तेव्हा मन बरोबर होतं.
यवतेश्वराच्या तिसऱ्या वळणावर ते म्हणालं,
मी इथंच बसतो, तू ये जाऊन.

ननावरे असता तर दोन शिव्या घालून उठवलं असतं त्यानं.
त्याची बदली झाली फलटणला. तिकडं चढच नाही,
फोनवर रडतो.

मग त्याचीच युक्ती काढली.
डोंगराकडं बघायचं नाही. फक्त पुढचा खांब.
तिथं पोचलो की थांबू.
पोचलो की, बरं, अजून एक.
पतपेढीत वीस वर्षं लोकांना ‘उद्या या’ सांगतोय,
स्वतःला सांगताना काय जातंय?

पेट्रीहून परत फिरलो आणि खांबही पुरेनात.
मग औटकी. आण्णा छडी घेऊन बसायचे.
एक औट औट, बे औट सात,
तीन औट साडेदहा
सहाच्या पुढं अजून चुकतो,
चुकलं की पहिल्यापासून.
त्या चुकण्यातच चार किलोमीटर गेले.

उताराला गुडघे बोलायला लागले.
तिसऱ्या वळणावर बघितलं, मन तिथं नव्हतं.
गेलं असेल घरी, चहाला.

चौकात पोचलो. घड्याळात एकतीस पूर्णांक दोन.

कुणी विचारणार नव्हतं.
तरी बंद रसवंतीगृहाभोवती घिरट्या सुरू केल्या.
झाडणारी बाई हात थांबवून म्हणाली,
काय हरवलंय का?
म्हटलं, आठशे मीटर.

तिनं कचऱ्याचा ढीग
जरा बाजूला ओढून घेतला.