बर्फाच्या गाडीची मापं

गाडी घेतली तेव्हा हौद्याच्या सांध्यांत अजून खवले होते.
सात वर्षं तिने विजयदुर्गच्या जेटीवरून
बर्फ आणि सुरमई वाहिली तरळ्याच्या तिठ्यापर्यंत.
मिठाने पत्र्याची चाळण केलेली.
गॅरेजवाला म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे,
बाकी तुमची हिंमत.

वास जाईना.
चिंच चोळली, राख चोळली, दोन दिवस ताक ओतून ठेवलं.
शेजारची आबोली म्हणाली, राहू दे गं,
मांजरं तरी सोबत करतील.

मग आला बाबल तारी, होड्या बांधणारा मिस्त्री.
त्याच्याकडे टेप नाही.
सुंभाची एक दोरी, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली,
आणि कानामागे पेन्सिल, जी तो कधीच वापरत नाही.
त्याने मला रिकाम्या हौद्यात आडवं व्हायला सांगितलं
आणि डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली.
पाठीला पत्रा तापलेला. वर एक घार.
सव्वीस वर्षं बँकेच्या काचेआड लोकांच्या नोटा मोजल्या,
मला कुणी असं मोजलं नव्हतं.

"एकटीक की दोगांक?"
मी म्हटलं, एकीला.
तो उठायला लागला तेव्हा म्हटलं,
थोडं रुंद ठेवा.
त्याने दोरीला अर्धी गाठ मारली.
पुढे काही विचारलं नाही.

फणसाच्या फळ्या, ऐनाच्या आडव्या पट्ट्या,
पितळी स्क्रू, कारण लोखंड इथे दोन पावसाळेही काढत नाही.
बिछान्याखाली खण: पाण्याचे कॅन,
पाच किलोचा सिलिंडर, जॅक, पाने,
दुसरी बॅटरी, तिच्यावर रबरी चटई.
मागच्या पाट्यांत एक जादा पान घातलं,
गाडी चार बोटं वर आली
आणि मला चढताना गुडघा आठवू लागला.
पुढे भंगारात निघालेल्या ट्रॉलरचा विंच.
त्याच्या दाताला अजून जाळ्याचा हिरवा धागा अडकलेला,
तो मी काढला नाही.

तळाला मिस्त्रीने गिरमिटाने दोन भोकं पाडली तेव्हा मी ओरडलेच.
तो हसला.
"होडयेत पाणी येवक नको.
हिच्यात इलां, तर जावक व्हया."

सगळे विचारायचे, लडाख का? स्पिती का?
मी म्हणायचे, बघू.
पीएफच्या पैशातले किती उरलेत ते
मी त्यांना सांगत नव्हते.

पहिल्यांदा गेले ती सुरूच्या बनाकडच्या पुळणीत.
टायरची हवा अठरावर आणली, पुस्तकात असते तशी,
तरी मागची चाकं पोटापर्यंत रुतली.
भरती तासाभरावर.
विंचचा दोर सुरूच्या बुंध्याला बांधला, झाडाची साल सोलली गेली,
गाडी निघाली, आणि मी त्या झाडाला
उगाच दोनदा सॉरी म्हटलं.

मग तिथून सरळ वर, गिर्येच्या सड्यावर.
घरापासून चौदा किलोमीटर.
कातळ दिवसाची ऊब सोडत होता.
पिवळं गवत. खाली होड्यांचे दिवे,
त्यांतला कुठला बाबलने बांधलेल्या होडीचा, कळत नव्हतं.
पेज शिजवली, सुकट भाजली.
आडवी झाले. डोकं, टाचा, दोन्हीकडे चार बोटं मोकळी.
डाव्या बाजूला अर्ध्या गाठीएवढी जागा,
तिथे मी टॉर्च, चश्मा आणि रेनकोट ठेवला.

दोनच्या सुमारास गाडीभोवती पावलं वाजली.
हलकी, चार पायांची.
कोल्हा.
थांबत, हुंगत, पुन्हा चालत,
मागच्या फाळक्यापाशी बराच वेळ उभा:
सात वर्षांपूर्वीची सुरमई
त्याला अजून ताजी वाटत असावी.
मी श्वास धरून पडून राहिले.
हाक मारावीशी वाटली, पण कोल्ह्याला काय हाक मारतात?

सकाळी दवातल्या धुळीत त्याचे ठसे,
गाडीला पुरी एक फेरी.
मी त्यांच्यावर पाय न ठेवता उतरले,
स्टोव्ह पेटवला.
विंचचा उजवीकडचा बोल्ट सैल झाला होता.
सतराचा पाना घरी राहिला होता.