उलटतपास : निरंक

मी हायकोर्टाच्या भाषांतर विभागात बसते.
खिडकीतून ओव्हलचा एक कोपरा दिसतो,
तिथे बाद झालेला कुणीतरी पॅड सोडत असतो.
मराठीतलं इंग्रजीत न्यायचं, एवढंच माझं काम.
वाटेत काही सांडू नये,
काही मिसळू नये.

आज हणमंत भुवड याचं अपील.
राहणार घोडपदेव, जन्मठेप, आत सहावं वर्ष.
साक्षीदार क्रमांक तीन, सुलभा पेडामकर, वय बावन्न, धंदा डबे करणे :
"मी गॅलरीतून पाहिलं. खांबावरच्या दिव्याचा उजेड होता.
हणमंतच होता तो. लहानपणापासून ओळखते."
मग एक ओळ सोडून
आरोपीतर्फे वकील श्री. केणी, उलटतपास : निरंक.

निरंक.
हा शब्द आम्ही रजेच्या तक्त्यात लिहितो,
थकबाकीच्या रकान्यात लिहितो,
आणि सही करून चहाला जातो.

पान एकशे एक्केचाळीस, घटनास्थळाचा पंचनामा :
"खांबावरील दिवा फुटलेला, आत धूळ बसलेली."
साठ पानांच्या अंतरावर ही दोन वाक्यं
एकाच नाडीने बांधलेली,
इतकी वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत.
मी समासात पेन्सिलीने बारीक खूण केली.
खोडली.
भाषांतरकाराने प्रश्न विचारायचा नसतो.

केणी माझ्या टेबलावर याआधीही आलेत,
अर्धा क आणि पुढे नुसती रेघ, अशी सही.
एका खटल्यात त्यांनी सतरा प्रश्न विचारले होते,
सतरावा विचारला नसता तर माणूस सुटला असता.

आता नवीन वकीलबाई आहेत, जरीन मुकादम.
अपिलाचा मुद्दा अकरावा : आधीच्या वकिलांनी बचाव केलाच नाही.
सरकारी वकील म्हणतील, हरलेला प्रत्येक जण हेच म्हणतो.
न्यायमूर्ती विचारतील, बरं,
विचारलं असतं तर निघालं काय असतं?
उत्तर एकशे एक्केचाळीसवर आहे.
बाईंना ते सापडलंय का, मला माहीत नाही.
त्या जिन्यात भेटतात. हसतात. मीही हसते.

फायलीच्या तळाशी तुरुंगातून आलेलं पत्र,
आखीव कागदावर, ओळी सोडून घसरलेलं अक्षर :
"माझे वकील साहेब माणूस चांगले.
दर तारखेला विचारायचे, हणम्या, जेवलास का.
त्यांच्या विरुद्ध काही लिहू नये ही विनंती."

सबंध पेपरबुकात केणींच्या नावावर
हा एवढाच प्रश्न.
इंग्रजीत तो फारच कोरडा झाला. तरी नेला.

पाच वाजले. मागे जाऊन पुन्हा तो पंचनामा काढला.
धुळीसाठी इंग्रजीत मला दोन शब्द सुचत होते,
दोन्ही बरोबर.
त्यातली जास्त जुनी वाटेल ती धूळ मी घेतली.

याला मिसळणं म्हणत नाहीत.