एका पानात

कुडचड्याच्या बाजारात, बेकरीच्या पाठीला
माझं झेरॉक्सचं दुकान. बायोडेटाही करते.
पान पन्नास रुपये, दुरुस्ती फुकट.

शाणू वेळीप आले ते चार पानं घेऊन,
पुतण्यानं कुठून तरी उतरवलेली:
मेहनती, प्रामाणिक, मिळून मिसळून काम करण्याची आवड.
तिसऱ्या पानावर उंची, रक्तगट, रास.
वर श्री, त्याला कुंकवाचं बोट लागलेलं.

म्हटलं, काका, हे लग्नाला चालेल.
कोलव्याचा हॉटेलवाला उभ्या उभ्या वाचणार.
रास काढली. रक्तगट काढला.
'प्रामाणिक'पाशी आले तसे ते म्हणाले,
तो राहू दे, बाय, तो खरा आहे.

खरा असेल तर दुसरीकडून दिसेल.
काय करत होता?
खाणीवर होतो.
म्हणजे काय करत होता?
काट्यावर. ट्रकचं वजन लिहायचो.
किती ट्रक?
हसले. रात्र संपायची, ट्रक संपायचे नाहीत.
आकडा लागतो, काका.
मग ओठ हलवत, बोटांच्या पेरांवर, बराच वेळ.
चारशे. दिवसाला.
आणि एकदा काटाच बिघडला, अडीच दिवस,
तेव्हा टायर किती दबलेत ते बघून सांगायचो.
साहेबानं नंतर ताडून पाहिलं,
घमेलंभर माती इकडे की तिकडे, बस.

टाइप केलं:
दररोज चारशे वाहनांच्या वजनाची नोंद,
बारा वर्षांत हिशेबात तफावत नाही.
वाचून दाखवलं. ते स्टुलावर सरळ झाले,
दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकत असल्यासारखे.
तेवढ्यात मी 'प्रामाणिक' पुसला.

आणि खाण बंद झाल्यावर? ही मधली सहा वर्षं?
बसून होतो.
कुणी विचारलंच तर?
बेकरीतून भट्टीचा वास येत होता.
आई अंथरुणावर होती, म्हणाले.
सकाळ-संध्याकाळ उचलायचो.
मग, मी काही न विचारता:
शेवटी एकतीस किलो.

मी लिहिलं: कौटुंबिक शुश्रूषा, सहा वर्षं.
आकडा घातला नाही.
जागा होती तरी.

खाली नोकरीचं नाव: स्टोअरकीपर.
तांदूळ, मासळी, बर्फ, सगळं तोलून घ्यायचं काम.
प्रिंटरमधून पान आलं, गरम.
चष्मा कपाळावरून ओढून त्यांनी
एकेक ओळ बोटाखाली घेतली, शेवटपर्यंत,
आणि बोट थांबलं.

मोबाइल नंबरात एक आकडा चुकला होता.
माझ्याकडून.