साडेसत्त्याहत्तर

माझं काम वजनाचं.
ग्लोगिनोच्या शाळेत आता मुलं नाहीत,
तिथे काटा मांडून मी बसतो
आणि रोडोपीच्या डोंगरावरून उतरलेली पोती घेतो:
ओव्याच्या वासाची माश्तेर्का, लिंडनचा फुलोरा,
पिवळा कांतारिओन, पांढरा रावनेत्स.
काडी मोडून बघायची. कट् वाजली तर सुकली.
वाकली, तर परत ने बाई,
अजून दोन दिवस माळ्यावर पसर.
मग ट्रक येतो, माल हाम्बुर्गला जातो,
तिथे कागदाच्या पुड्यांत बसून
कुणाच्या तरी घशाला, झोपेला लागू पडतो.
तो हिशेब माझ्याकडे नाही.

स्तामेना सगळ्यांत शेवटी येते.
गाढव विकल्यापासून पाठीवरच आणते.
मुळासकट उपटलेलं एकही रोप
तिच्या पोत्यात सापडायचं नाही.
तिचा हात गावाला ठाऊक आहे.
मेंढ्यांमागे चालून फुटलेल्या टाचेवर
तिने वाटेवरचंच झीवोव्ल्याकचं पान चावून लावलं,
आणि धनगर तसाच पुढे गेला.
तिच्या खिडकीत चाळीस दिवस उन्हात एक बरणी असते,
कांतारिओन बुडवलेलं तेल रक्तासारखं लाल होईतो;
बेकरीवालीचा भाजलेला हात त्याच तेलाने सावरला.
आणि पेलिन, कडू, इतका कडू
की भूक मेलेला म्हातारा किरिल
तोंडाची चव घालवायला म्हणून
भाकरी मागायला लागला.

दर वर्षी पोत्यावर एक जुडी वेगळी असते,
लाल दोऱ्याने बांधलेली.
"ही धरू नकोस वजनात."
आमच्याकडे म्हणतात, रोग साडेसत्त्याहत्तर.
सत्त्याहत्तरांना नावं आहेत, आणि नावागणिक पाला.
उरला अर्धा. त्याला नाव नाही.
जूनच्या चोविसाला, एन्योव्देनच्या पहाटे,
दव असतानाच तोडलेली काडी त्या अर्ध्यासाठी.
मी हसायचो.
काट्यामागे बसणाऱ्याला अर्धा म्हणजे पाचशे ग्रॅम.

यंदा फेब्रुवारीपासून मला रात्री तीनला जाग येते.
स्मोल्यानच्या डॉक्टरीणबाईंनी
छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त पाहिलं,
"काही नाही" म्हणाल्या.
ते काही नाही घेऊन मी बसने घरी आलो.
तीनला उठून शाळेत जातो, काटा चालू करतो.
लाल शून्य उजळतं. बघत बसतो.
यावोरचा फोन रविवारी, सहा मिनिटं.
त्याची मुलगी मला जर्मनमध्ये हाक मारते.
पण कारण तेच, असं मी म्हणणार नाही.
तो इथे होता तेव्हाही
कधीकधी असं व्हायचं.

स्तामेनाला मी काही बोललो नव्हतो.
पैसे मोजून घेताना म्हणाली,
"चोवीसला ये. चहाबिहा मिळणार नाही. नुसता ये."

गुडघ्यापर्यंत ओले होत चढलो.
ती पुढे, मागे वळून न बघता.
बीचच्या रांगेखाली थांबली.
"कुठली तोडू?"
"कुठलीही. पण अर्धी. खालची राहू दे."
"औषध कुठल्या अर्ध्यात?"
"मला काय विचारतोस?" ती म्हणाली,
"मला सत्त्याहत्तरच येतात."

ती काडी आता माझ्या खणात आहे, पावतीपुस्तकाशेजारी.
त्याच खणात दोनशे वनस्पतींची यादी आहे,
चित्रं, भाव, सगळं. उघडलेली नाही.
काट्यावर मात्र ठेवून पाहिली.
शून्य.

जाग तीनला अजूनही येते.
पण काट्याच्या बटणाकडे हात जायच्या आत
वरची ती खालची अर्धी आठवते.
फुटली असेल का?
कुणाच्या मेंढीने खाल्ली असेल?
एकदा जाऊन बघायला हवं.
चढ मोठा आहे आणि गुडघा दुखतो.
दुखू दे. गुडघ्याला नाव आहे.
स्तामेनाकडे ओमानचा लेप असतो, उद्याच मागतो.