कसर

खोकं अठ्ठावीस आलं तेव्हा त्याला रॉकेलचा वास होता
आणि बाजूवर साबणाच्या कंपनीचं नाव.
आत एक वही, वीस-वीस सेंटच्या वर्गणीच्या पावत्या,
सुयांचं पाकीट, बसवरच्या बहिष्काराचं पत्रक,
त्याच्या पाठीवर कुणीतरी पावाच्या पिठाचं प्रमाण लिहिलेलं,
आणि टाचण्या,
ज्यांनी आपला सगळा गंज कागदाला देऊन टाकलाय.

मी टाचण्या काढते. माझं निम्मं काम तेच.
लोकांना वाटतं आम्ही इथं इतिहास जपतो.
आम्ही धूळ झाडतो, पेन्सिलीनेच लिहितो,
दर सोमवारी फ्रीजरमधून
कीड मेलेले गठ्ठे बाहेर काढतो.

वहीवर खोसा भाषेत: शिवणवर्ग, न्यू ब्रायटन, गुरुवार दुपार.
गुरुवार, कारण मोलकरणींना तेवढीच सुट्टी.
शिवणवर्ग, कारण पोलिसांना शिवण कळत नसे.
‘दोन वार अस्तर कमी पडलं’
म्हणजे दोघींचा पगार मालकिणींनी अडवला.
‘पिवळा दोरा फार झाला’
म्हणजे कोपऱ्यावर पिवळ्या गाड्या.
हे मला कुणी शिकवलं नाही.
तिसऱ्या वाचनात आपोआप उसवत गेलं.

पण सोळाव्या पानावर, हजेरीच्या जागी,
सात भोकं.
चौकोनी, नीट, पट्टी ठेवून ब्लेडनं कापलेली.
त्यांच्यातून सतराव्या पानावरची प्रार्थना दिसते,
तुकड्यातुकड्यांनी.

नोंदीच्या फॉर्मवर रकाना असतो:
कसर लागली आहे का? हो / नाही.
मी ‘हो’वर खूण केली. मग खोडली.
कसर पट्टी ठेवून खात नाही.

एप्रिलमध्ये युनिस मालगास आल्या,
त्या वर्गाच्या चिटणीस, वय अठ्ठ्याऐंशी,
एक हात नातवाच्या खांद्यावर.
मी हातमोजे पुढे केले तर म्हणाल्या,
‘एकवीस वर्षं दुसऱ्यांची चांदी घासली या हातांनी.
आता माझ्याच वहीला माझा हात चालत नाही?’
मोजे मी परत खणात ठेवले.

त्यांनी भोकावर बोट ठेवलं. बोट आरपार गेलं.
‘पलीकडच्या गल्लीत कुत्री भुंकायला लागली
तेव्हाच मी पट्टी शोधली.
आमच्या दारापर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागत.
नावं कापली आणि खाल्ली.
साखर नसलेल्या चहाबरोबर.
शाई लोखंडासारखी लागते, माहिती आहे?’

पण पट्टी कशाला, मी विचारलं. पान फाडायचं सरळ.
‘फाडलं असतं तर मागचं पान सुटलं असतं.
वही काय माझी होती?’

मग नावं सांगितली: डॉर्कस. नोझुको. एलेनॉर.
आणि माम्भेले, जिला शिवता खरंच येत नव्हतं.
मी पेन्सिल धरून थांबले. नातूही थांबला.
‘या चौघींना मी विचारलं होतं, नंतर कधीतरी,
एकीला लग्नात, दोघींना दवाखान्यात, एकीला चालत्या बसमध्ये.
तिघींना विचारायचं राहिलं.
आता त्या नाहीत. मग मी कशी सांगू?’

गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाला आला होता.
जपानी कागद इतका पातळ असतो, म्हणाला,
की भोकं होती हे कळणारसुद्धा नाही.
मी त्याला चहा दिला आणि खोकं एकतीस दिलं.

फॉर्म मात्र पुरा करावाच लागतो.
कसर लागली आहे का? हो.
आणि समासात, बारीक अक्षरात,
कसरीचं नाव: युनिस मालगास.

जाताना त्यांनी सुयांचं पाकीट मागितलं होतं.
ते नियमात बसत नाही, मी सांगितलं.
पाकिटात सहा सुया होत्या.
नोंदीत पाच आहेत.