आखूड नळी

लांब नळी दोघांची असते.
एकाने तोंड लावायचं, दुसऱ्याने नाक पुढे करायचं,
मधे हातभर बांबू
आणि बांबूतून येणारा माणूस.

तुइन फुंकायचा तेव्हा मला कळायचं
तो कुणावर चिडलाय,
सकाळी केळ्याची पेज प्यायला की नुसताच निघाला,
बोटीच्या इंजिनाची दोरी पुन्हा तुटली का.
फुंकर काही लपवत नाही.
एकदा तो रडून आला होता, मला न सांगता.
ते रडू नळीतून आलं, माझ्या डोळ्यांतून गेलं,
आणि तो विचारत होता,
'जास्त झालं का गं?'

जोर्दाओ नदी जूनमध्ये आटते.
पाण्याखालचं लाकूड वर यायला वीतभर उरलेलं असतं,
तेव्हाच ते दिसत नाही.

आता माझ्याकडे आखूड नळी.
माकडाच्या हाडाचे दोन तुकडे, मेण, काळा दोरा,
एक टोक ओठांत, एक नाकपुडीत.
माझ्याच चेहऱ्याएवढा प्रवास.

तपकीर मीच केली.
दोरखंडासारखा पिळलेला तंबाखू बाजारातून आणला,
कापला, शेगडीवर कडक केला.
झाडाच्या सालीची राख मावशीने पाठवली होती
दूध पावडरीच्या डब्यातून, चार दिवसांच्या बोटीने.
कुटलं. जुन्या गणवेशाच्या बाहीतून चाळलं,
पुन्हा कुटलं, पुन्हा चाळलं,
बोटांना लागेनासं होईपर्यंत.
खालच्या मजल्यावरची इव्हानेची म्हणाली,
एवढ्या रात्री कसला मसाला?

रिओ ब्रँको. पहाटेचे साडेचार.
सहाला इस्पितळाच्या धुलाईघरात हजेरी.
खिडकीतून नदी नाही, पेट्रोल पंप दिसतो.
तळहातावर वाटाण्याएवढी तपकीर,
अर्धी डावीला, अर्धी उजवीला.
डावी आधी. जे सोडायचं ते डावीकडून,
असं आजोबा म्हणायचे
आणि आजोबांशी वाद घालायची सोय नव्हती.

अडचण अशी आहे:
फुंकणाऱ्याला माहीत असतं कधी फुंकायचं,
घेणाऱ्याला ते माहीत नसलं तरच बरं.
इथे दोघीही मीच.
टाळूच्या मागे एक दार आहे,
ते आतून ओढून घ्यावं लागतं,
नाहीतर सगळं घशात.
पहिल्या दिवशी इतकं भीत फुंकलं
की राख ओठांवरच सांडली.
दुसऱ्या दिवशी रागाने.
कवटीत मिरची फुटली, मोरीशी ओणवी झाले,
लाळ, उलटी, नाकातून काळं पाणी,
पाठीवर हात ठेवायला कुणी नाही,
आणि जिच्यावर राग काढायचा
तीच बिचारी मोरीशी बसलेली.

फुंकण्याआधी तुइन चिमटीशी काहीतरी पुटपुटायचा.
मी कधी विचारलं नाही.
विचारायला आयुष्य पडलंय असं वाटायचं.

आज चिमूट ओठांजवळ धरून बसले बराच वेळ.
मला मंत्र येत नाही, गाणं अर्धंच येतं,
तेही मधल्या कडव्यापासून.
शेवटी म्हटलं,
दोरी तुटली रे. नवीन घेते.

मग फुंकलं.

भित्रं नव्हतं, रागाचंही नव्हतं,
कुणी झोपलेलं असताना दिवा विझवावा, तेवढंच.
डावीकडे आधी अंधार झाला,
अंधारात इंजिन सुरू झाल्यासारखं काही,
नाही, पंपावरचा ट्रक असेल.
हात जड झाले. मांडीवर ठेवले.
डाव्याच डोळ्यातून पाणी आलं,
उजवा कोरडा, वाट बघत,
त्याची पाळी अजून यायची होती.

'जास्त झालं का गं?'
मी माझ्याच तोंडाने विचारलं.

नाही, म्हणाले.
थोडं खोटं बोलले.
उजवीसाठी उरलेली चिमूट नळीत भरली
आणि खाली इव्हानेचीचा नळ सुरू झाला.