पिवळी रेघ

सकाळी दहाला मी किल्ली फिरवतो
आणि जिना चालू लागतो, वर कुणी नसताना.
पहिला फेरा नुसता ऐकायचा.
पट्टा कोरडा पडला की तो कुंथतो,
साखळी सैल झाली की खोकतो.
सोळा वर्षं उद्यमनगरात पॉवर प्रेसवर काढली,
यंत्राचं बोलणं कळतं.
माणसांचं अजून शिकतोय.

रविवारी माणसं येतात, मुरगूड, गडहिंग्लज, पार आजऱ्यापासून,
बस्ता बांधायला.
आणि जिन्यापुढं येऊन अडतात,
घाटावर पाणी किती गार आहे बघावं
तसा एक पाय पुढं, एक मागं.

मावशी, कठडा धरा. तो पण चालतोय तुमच्यासंगं.
पिवळ्या रेघेच्या आत पाय.
दादा, कापशी पायताण कितीबी करकरू दे,
कडेच्या ब्रशला घासू नका,
तो पॉलिशला ठेवलेला नाही.
बाळाची गाडी लिफ्टनं न्या. लिफ्ट त्या तिकडं, आरशाच्या मागं.
आणि मिटत्या दारात हात घालू नका हो,
शेवटची एसटी थोडीच आहे, परत येती ती.

लिफ्टवर लिहिलंय, आठ माणसं.
एकदा तालमीतले पाच जण शिरले, शिट्टी वाजायला लागली.
पाचांनी विचार केला,
आणि कोपऱ्यातल्या डबेवाल्या कारकुनाला बाहेर काढलं.
शिट्टी वाजतच राहिली.

हे सगळं मी दिवसातून तीनशे वेळा सांगतो.
ऐकणारा मोबाईलमध्ये असतो,
किंवा वर पोचलेला असतो.

परवा एक म्हातारी आली, हिरवं लुगडं,
पुतणीची पोरगी पुढं गेलेली, वरून ओरडत होती,
आक्काताई, ये की, काय होत न्हाई!
मी तोंड उघडलं, मावशी, जरा पदर...
तोवर तिनं पदर ओढून पिळला होता,
कमरेला खोचला होता,
निऱ्या एका मुठीत,
सुटलेली बट कानामागं.
मग खाली वाकून बघितलं,
जिथून पायऱ्या निघतात ते लोखंडी दात.
बराच वेळ बघितलं.
मागं रांग लागली. लागू दे म्हटलं.

"चरकच की ह्यो," ती म्हणाली. "ऊस तेवढा न्हाई."

मग माझ्या डाव्या हाताकडं नजर गेली.
लोक बघून न बघितल्यासारखं करतात.
तिनं नीट मोजलं. तीन.
"चरक?"
"प्रेस."
"आमच्या गुऱ्हाळात माझी नणंद हुती.
पदर गेला. मग..."
वाक्य तिनं तिथंच ठेवलं,
डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा तसं.

"थांबवायचं बटन कुटं हाय ह्येचं?"

चार वर्षं झाली मला इथं.
सेलच्या गर्दीत लाख माणसं गेली असतील.
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी दाखवलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तांबडं.
"वर बी हाय?"
"वर बी हाय."
"चरकाला न्हवतं."

प्रेसला होतं.
आठ फुटांवर, भिंतीला.
हे मी बोललो नाही.

ती चढली.
कठड्यावर हात, नजर समोर,
पायात पाय नाही.
वर पोचताना उंबरा ओलांडावा तसं
पाऊल आधीच उचललं,
आणि दातांपासून चार पावलं लांब जाऊन
मगच पदर सोडला.
वळून बघितलं नाही. कशाला बघेल.

खाली एक पोरगं बूट ब्रशला घासत होतं.
मी शिट्टी तोंडात घेतली.